एक गुरुजी, चार इयत्ता आणि नवी साधने

शिक्षणविषयक परिषदांचे आपल्याकडे दोन प्रकार आहेत आणि त्यांपैकी पहिल्याचाच गवगवा अधिक होतो. महानगरातील प्रशस्त सभागृहात, निमंत्रणपत्रिका छापून, परगावच्या व परदेशच्या तज्ज्ञांना पाचारण करून भरविली जाणारी, जिच्या प्रवेशद्वाराशी यंत्रसामग्री विकणाऱ्या कंपन्यांची दालने असतात आणि जिच्या समारोपाला उद्याच्या शाळेचे चित्र पडद्यावर दाखविले जाते, ती पहिल्या प्रकारची. दुसरी म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांच्या प्रत्येक केंद्रात केंद्रप्रमुखांच्या देखरेखीखाली साधारणपणे महिन्याकाठी भरणारी शिक्षण परिषद. तिला निमंत्रणपत्रिका नसते आणि दालनेही नसतात. असते ती वरून आलेली विषयपत्रिका, यजमान शाळेने केलेली चहा-नाश्त्याची तजवीज, आणि लहान मुलांच्या बाकांवर वा सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली, डोंगरातून दुचाकीने आलेली शिक्षकमंडळी. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांत अध्यापनातील तंत्रज्ञानाचा खरा ऊहापोह होतो तो या दुसऱ्या परिषदेत. आणि तो बहुधा शेवटच्या तासात होतो, कारण आधीचा वेळ माहिती भरण्याच्या प्रपत्रांविषयीच्या सूचनांनी व्यापलेला असतो.

अशा एका परिषदेत श्रोता म्हणून बसण्याचा प्रस्तुत लेखकास योग आला होता. तेथे एका तरुण शिक्षिकेने जी शंका उपस्थित केली तिचा आशय असा, की पहिलीच्या मुलांना पडद्यासमोर बसविले म्हणजे तेवढ्या अवधीत तिसरी-चौथीकडे लक्ष देता येते हे खरे; पण त्या अवधीत पहिलीच्या पदरात काय पडले हे पाहणारे वर्गात कोणी उरत नाही. महानगरातील परिषदांतून कोणते यंत्र घ्यावे याची चर्चा होते. या बाईंनी विचारले ते यंत्रामुळे शिक्षकाचा जो वेळ मोकळा होतो तो कोणाच्या वाट्याला जातो आणि जो खर्ची पडतो तो कोणाच्या वाट्यातून वजा होतो हे. या प्रदेशापुरता तरी संपूर्ण प्रश्न याच एका मापाने मोजला पाहिजे अशी माझी धारणा आहे, आणि पुढील आढावा त्याच मापाने घेतला आहे.

प्रदेशाचे स्वरूप प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. शिवकाळातील हिरडस मावळ, रोहिडखोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही नावे ज्या मुलखाची, तोच हा मुलूख. भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी, ८ मार्च १९४८ रोजी विलीन झालेली. आणि वेल्हे हा राजगड-तोरण्याच्या पायथ्याचा तालुका, ज्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, परंतु ज्याला लोक अजून वेल्हेच म्हणतात. २०११ च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्याची अवघी ५४ हजार होती, आणि तीही खोऱ्याखोऱ्यांतून, धनगरवाड्यांतून, कातकरी वस्त्यांतून विखुरलेली. विसाव्या शतकात आणि त्यानंतरही या खोऱ्यांचे तळ एकामागून एक पाण्याखाली गेले: प्रथम वेळवंडीवरचे भाटघर, मग पानशेत आणि वरसगाव, नंतर नीरा-देवघर, गुंजवणी. त्या पाण्यावर नीरेच्या कालव्यांखालचा बारामती-फलटणचा ऊस उभा राहिला आणि पुणे शहराची तहान भागली. मात्र खोऱ्यातील सपाटीची जमीन गेली, गावे फुटली, कोणी खाली पुनर्वसनात गेले, कोणी वर डोंगराच्या कडेला सरकले. जिथे दहा घरे उरली तिथेही मुले उरली, आणि म्हणून शाळाही उरली.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम आणि त्याखालील नियम प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे सांगतात. सपाटीवर हे एक किलोमीटर म्हणजे चालत पंधरा मिनिटे. वेल्ह्याच्या घाटमाथ्याखाली आषाढात मधला ओढा भरला, की तेच अंतर त्या दिवसापुरते अनंत होते. रायरेश्वराच्या पठारावर वस्ती आहे आणि शाळाही आहे. तेथे जाणाऱ्याला अखेरच्या कड्यावर लोखंडी शिडी चढावी लागते. वेल्ह्याच्या डोंगरकुशीतील चांदरची शाळा तर २०१८ मध्ये एका शिक्षकाची आणि एकाच विद्यार्थ्याची शाळा म्हणून वर्तमानपत्रांतून गाजली. वाचकांनी त्या शिक्षकाचे कौतुक केले ते योग्यच होते. पण त्या मुलाला सोबतीला दुसरे मूल नाही ही उणीव कोणत्या साधनाने भरून निघणार हे विचारण्याचे कोणास सुचले नाही.

ही स्थिती केवळ या दोन तालुक्यांची आहे असे नव्हे. २०२३ मध्ये शासनाने जी आकडेवारी पुढे केली तिच्यानुसार वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा राज्यभर सुमारे १४,८०० भरल्या, आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. अशा शाळेत दोन शिक्षक, क्वचित एकच. इयत्ता चार किंवा पाच. एका खोलीत दोन फळे आणि दोन दिशांना तोंड करून बसलेले वर्ग. दोन शिक्षकांपैकी एक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा तालुक्याच्या बैठकीला गेला, की सगळ्या इयत्ता उरलेल्या एकाकडे येतात. बहुवर्ग अध्यापन असे शास्त्रीय नाव दिल्याने हे काम सोपे होत नाही. शिक्षणाच्या नव्या साधनांची कल्पना मात्र सर्वत्र एका इयत्तेचा, एका वयाचा, पूर्ण भरलेला वर्ग डोळ्यांपुढे ठेवून केली जाते, आणि पुढील सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो.

साधनांचा इतिहास पाहू गेल्यास १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेली खडू-फळा मोहीम ही या डोंगरांतील शाळांना मिळालेली सर्वांत मोठी भेट म्हणावी लागेल. प्रत्येक शाळेस किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकविण्याचे आवश्यक साहित्य, एवढीच तिची मागणी होती. दुसरा शिक्षक हे तिने दिलेले सर्वांत परिणामकारक साधन होते, आणि गेल्या चार दशकांत त्याच्या तोडीचे दुसरे साधन या शाळांत आलेले मला तरी दिसत नाही.

त्याच दशकात इन्सॅट उपग्रहाच्या योजनेतून शैक्षणिक दूरचित्रवाणीची लाट आली. पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या बालचित्रवाणीने मुलांसाठी मराठीतून शेकडो कार्यक्रम निर्माण केले. नकाशे, विज्ञानाचे प्रयोग, गोष्टी, बाहुल्या असे पुष्कळ चांगले काम त्या संस्थेच्या हातून झाले. पण कार्यक्रम प्रक्षेपित होई त्या वेळी वीज असेल, संच चालू स्थितीत असेल, आणि त्याच वेळी वर्गात नेमका तोच पाठ चालू असेल, असा तिहेरी योग डोंगरातील शाळेत क्वचितच जुळे. पुढे अर्थसाहाय्य आटले आणि २०१७ मध्ये ही संस्था बंद करण्यात आली. ज्या वर्षी मराठी शैक्षणिक चित्रनिर्मितीची एक अनुभवी संस्था गुंडाळली गेली, त्याच वर्षी ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचाचे उद्‌घाटन होऊन शिक्षकांनी चित्रफिती पाहाव्यात व बनवाव्यात असा आग्रह सुरू झाला. हा योगायोग आपल्या कारभाराच्या स्मरणशक्तीविषयी पुष्कळ काही सांगतो.

संगणकाची कथा याहून संक्षिप्त आहे. १९८४ च्या ‘क्लास’ योजनेतून निवडक माध्यमिक शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी संगणक आले, नंतर संगणक कक्षांच्या योजना आल्या, आणि प्राथमिक शाळा बहुतांशी त्यांच्या कक्षेबाहेर राहिल्या. प्राथमिक शाळांत यंत्रे आली ती २०१२ नंतर, आणि ती बहुतेक लोकवर्गणीतून. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेचा डिजिटल प्रयोग गाजला; २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला; आणि गावोगावी शिक्षकांनी माजी विद्यार्थी, मुंबईस्थित चाकरमानी, ग्रामपंचायत, जवळचे कारखाने यांच्याकडे झोळी पसरून प्रोजेक्टर, मोठे दूरचित्रवाणी संच, टॅब मिळविले. माढा तालुक्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवून पाठ, कविता आणि चित्रफीत एकत्र जोडण्याची युक्ती रूढ केली, आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. बालभारतीच्या पुस्तकांवर आता तसे कोड छापलेले असतात. भोरच्या एखाद्या शाळेत जाऊन पुस्तकावरचा असा कोड उघडून पाहावा. रेंज असल्यास तो क्षणात उघडतो, आणि नसल्यास ती काळीपांढरी चौकट पानावरची नक्षी होऊन राहते.

या काळातील उत्साहाला नावे ठेवण्याचे कारण नाही. शाळा रंगली, पालक फिरकू लागले, इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसणारी काही मुले परत आली. गावाने वर्गणी दिलेल्या वस्तूकडे गाव लक्षही ठेवते. परंतु हा सारा डोलारा एका कर्त्या शिक्षकाच्या उमेदीवर उभा होता, आणि जिल्हा परिषदेत बदल्या होतात. तो शिक्षक गेला, की संकेतशब्दही त्याच्याबरोबर गेला, अशी उदाहरणे या दोन तालुक्यांतील कोणत्याही परिषदेत सहज ऐकावयास मिळतात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जो प्रश्न आजवर हौसेचा होता तो निकडीचा झाला. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ या घोषणेखाली रोज अभ्यासाचे दुवे भ्रमणध्वनीवर येऊ लागले. ज्या घरात एकच स्मार्टफोन होता, तो बापाच्या खिशात कामावर जात असे आणि सायंकाळी परत येई, त्या घरातील तीन भावंडांनी या दुव्यांचे काय करावे हे घोषणेत सांगितलेले नव्हते. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली, आणि तिने एक विसरलेली गोष्ट सिद्ध केली: प्रसारण या जुन्या साधनाला रेंज लागत नाही, डेटा लागत नाही, आणि एकाच खोलीतील पहिलीचे व चौथीचे मूल एकत्र बसून ते पाहू शकते. तरीही ज्या वाड्यांत मुलांचे अक्षर हातातून सुटले नाही, तेथे बहुतेक करून शिक्षक स्वाध्यायाची पाने घेऊन स्वतः गेले होते, ओसरीवर किंवा देवळात चार-सहा मुले जमवून बसले होते. दुचाकी हेच त्या वर्षीचे या मुलखातील सर्वांत उपयुक्त शैक्षणिक यंत्र ठरले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्यानंतर फोन घरोघर पोहोचले हे खरे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतातील चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, तो वापरता येणाऱ्या मुलांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा अभ्यासाच्या कामी उपयोग केलेली मुले सुमारे सत्तावन्न टक्के होती, आणि समाजमाध्यमांसाठी केलेली शहात्तर टक्के. साधन पोहोचले म्हणजे शिक्षण पोहोचले, हे समीकरण याच आकड्यांनी मोडून काढले आहे.

जगाचा अनुभव याहून वेगळा नाही, आणि तो बराच जुना आहे. चलच्चित्रपट शाळेतील पुस्तकांची जागा घेतील असे भाकीत एडिसनने शंभर वर्षांपूर्वी केले होते. नभोवाणी, दूरचित्रवाणी, संगणक यांच्याविषयीही तशीच भाकिते झाली. पेरू देशाने लाखो मुलांना स्वस्त संगणक वाटले, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणित व भाषा यांत त्याचा काहीही लाभ आढळला नाही. याच संगणकांचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील खैरात या धनगरवस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत झाला होता. एक शिक्षक, चार इयत्ता आणि प्रत्येक मुलाच्या हाती संगणक, असे ते दृश्य. मुलांना यंत्र आवडले, ती त्यावर लिहू-रेखू लागली, घरच्यांना दाखवू लागली. पण एका शिक्षकाच्या चार इयत्ता त्याने तीन झाल्या नाहीत, आणि तो प्रयोग तेथून राज्यभर पसरलाही नाही. भोर-वेल्ह्याच्या धनगरवाड्या खैरातेपासून सह्याद्रीच्या एका रांगेपलीकडे असूनही येथील परिषदांत त्या प्रयोगाचा उल्लेख होत नाही, याचे नवल वाटते.

याच्या उलट बाजूची प्रमाणेही आहेत आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. दिल्लीत मुलाच्या पातळीनुसार प्रश्न बदलणाऱ्या संगणकीय कार्यक्रमाचा शाळेनंतरच्या केंद्रांत प्रयोग झाला. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत लक्षणीय प्रगती झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्यात लहान गटांना साहाय्यक शिकवीत असत, ही गोष्ट मात्र उद्धृत करणारे बहुधा वगळतात. याहून बोधक आहे तो गुजरातेतील एका अभ्यासाचा निष्कर्ष: संगणकावरचा सराव शाळेच्या तासांत, शिक्षकाच्या अध्यापनाच्या जागी ठेवला तेव्हा मुले मागे पडली; तोच सराव शाळेच्या वेळेबाहेर, अध्यापनात भर म्हणून दिला तेव्हा, विशेषतः मागे राहिलेल्या मुलांना, फायदा झाला. यंत्र तेच, पाठ तोच. फरक होता तो त्याने कोणाचा वेळ घेतला यात. युनेस्कोने २०२३ मध्ये आपला जागतिक शिक्षण अहवाल याच विषयावर काढला तेव्हा त्याचाही सूर सावधच होता.

द्विशिक्षकी शाळेत या निष्कर्षाचा अर्थ थोडा बदलतो. येथे पहिलीला शिकविणाऱ्या शिक्षकाचा वेळ तिसरीला मुळात उपलब्धच नसतो. तिसरीची मुले त्या वेळी नुसती पाढे उतरवीत बसलेली असतात. त्या रिकाम्या वेळात यंत्र काही देऊ शकले तर ती निव्वळ भर होय. म्हणूनच मोठ्याने वाचलेले ऐकून चुकलेला शब्द दाखविणारी, मराठीतही उपलब्ध असलेली आणि गोष्टी एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटशिवाय चालणारी ‘रीड अलाँग’सारखी साधी सोय या शाळांना भव्य परस्परसंवादी फलकापेक्षा अधिक उपयोगी आहे. फलक सगळ्या वर्गाचे डोळे एकाच दिशेला वळवितो, आणि बहुवर्गाच्या खोलीत ज्याची गरज नसते ते नेमके हेच. तिसरीचे एक मूल कोपऱ्यात टॅबला गोष्ट वाचून दाखवीत असताना गुरुजी पहिलीच्या मुलाचा हात धरून ‘क’ गिरवितात, असे दृश्य मी पाहिले आहे. मावळी बोलीतले उच्चार यंत्राला नेहमीच समजतात असे नाही. मूल बरोबर वाचते आणि यंत्र त्याला चूक ठरविते, तेव्हा निकाल गुरुजींनाच द्यावा लागतो.

आतापर्यंतचा विचार वर्गात शिरलेल्या तंत्रज्ञानाचा झाला. परंतु भोर-वेल्ह्याच्या शिक्षकाला तंत्रज्ञान या शब्दाने प्रथम आठवते ते दफ्तर. २०१५ च्या सुमारास ‘सरल’ प्रणाली आली, वेतनासाठी ‘शालार्थ’ आले, ‘यू-डायस’ची माहिती ऑनलाइन झाली, २०२३ च्या अखेरीस चॅटबॉटवर विद्यार्थ्यांची रोजची हजेरी नोंदविण्याचे फर्मान निघाले, नियतकालिक चाचण्यांचे गुण तसेच भरावयाचे झाले, आणि मग प्रत्येक मुलाचा ‘अपार’ क्रमांक आला. यांतील प्रत्येक मागणीमागे काहीएक सयुक्तिक हेतू आहे. बोगस पट शोधून काढणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. पण हजेरीपत्रकात हजेरी मांडून झाल्यावर तीच हजेरी भ्रमणध्वनीवर चढविण्यासाठी शाळेच्या मागच्या टेकाडावर, जेथे एक-दोन रेषा रेंज मिळते तेथे, शिक्षक जाऊन उभा राहतो, तेव्हा खोलीतील चार इयत्तांचा गुरू कोण असतो? मोठ्या शाळेत हे काम लिपिकाकडे जाते. प्राथमिक शाळेला लिपिक नाही. पाचशे मुलांच्या शाळेला जेवढी प्रपत्रे तेवढीच बारा मुलांच्या शाळेला, अशी या कारभाराची समदृष्टी आहे, आणि तिचा भार दरडोई मोजला तर सर्वांत लहान शाळेवर सर्वांत जड पडतो.

शिक्षकांचा याविषयीचा राग कोणत्या रूपाने प्रकट झाला हेही नोंदविण्यासारखे आहे. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासननिर्णयाने कमी पटाच्या शाळांतील शिक्षकांची पदे धोक्यात आली, वर कंत्राटी नेमणुकांचा निर्णय आला, तेव्हा २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभर सामूहिक रजा घेऊन मोर्चे निघाले. आणि त्याआधी शिक्षकांनी जे पहिले अस्त्र उपसले ते म्हणजे प्रशासनाच्या व्हॉट्‌सॲप गटांतून बाहेर पडणे. पूर्वी संपात शाळेला कुलूप लागे. या वेळी शाळा काही दिवस चालू राहून आदेशांचा मार्ग तेवढा बंद झाला, आणि त्या दिवसांत वर्गात जास्त वेळ मिळाला असे सांगणारे शिक्षक मला एकाहून अधिक भेटले. तालुक्याच्या आणि शाळेच्या दरम्यान तंत्रज्ञान आज प्रामुख्याने कोणत्या दिशेने वाहते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणत्या पाहणीत मिळेल असे वाटत नाही.

लहान शाळांच्या प्रश्नाला शासनाने सुचविलेले उत्तर तारेचे नव्हे, रस्त्याचे आहे, आणि त्याचा नमुना याच मुलखात उभा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा स्थापन करण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने मागविले, तेव्हा आदर्श म्हणून दोन नावे दिली: नंदुरबारमधील तोरणमाळ आणि वेल्हे तालुक्यातील पानशेत. कल्पना अशी, की आसपासच्या वाड्यांतील मुले बसने एका ठिकाणी आणावीत. तेथे प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडांगण, संगणक आणि मुख्य म्हणजे बरोबरीची मुले मिळतील. चांदरच्या त्या एकट्या मुलाची आठवण ठेवल्यास ही कल्पना सहजासहजी झटकून टाकता येत नाही. पण विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही तितकेच वजनदार आहे: अधिनियमाने दिलेला घराजवळच्या शाळेचा हक्क बसच्या भरवशावर सोडावयाचा काय, बस बंद पडली की मुलींचेच शिक्षण प्रथम बंद पडते त्याचे काय, आणि इमारत आणि बस यांचा खर्च ज्या उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीतून येतो तो निधी दहाव्या वर्षी कोठे असेल?

माझे मत विचाराल तर ते स्थळाप्रमाणे बदलते. धरणाच्या काठाने पक्का रस्ता असलेल्या, पायी अंतरातल्या वाड्यांसाठी समूह शाळा ही फायद्याची. घाटमाथ्याखालच्या, पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता तुटणाऱ्या वस्त्यांना, विशेषतः पहिली-दुसरीसाठी, घराजवळची शाळा कायम ठेवलीच पाहिजे. मोठ्या मुलींच्या बाबतीत अंतराचा प्रश्न ज्ञान प्रबोधिनीने वेल्ह्यात निवासाची सोय करून सोडविला, हे उदाहरण दोन्ही पक्षांनी अभ्यासण्याजोगे आहे. एक खोली, एक जेवण आणि रात्री अभ्यासाला दिवा, एवढ्या साधनांनी त्या मुली माध्यमिक शाळेत टिकल्या.

तंत्रज्ञान या शब्दाचा आणखी एक अर्थ पुणे जिल्ह्यातच रुजलेला आहे, आणि परिषदांनी त्याची उपेक्षा केली आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे मुले जोडकाम, वीज, शेती, पाणी, अन्नप्रक्रिया हाताने करून शिकतात, आणि गावाला लागणाऱ्या सेवा शाळाच पुरविते. तो अभ्यासक्रम पुढे राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत गेला. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अरविंद गुप्ता यांनी काडेपेटी, सायकलची नळी, टाकाऊ बाटल्या यांतून भौतिकशास्त्र उलगडून दाखविले. त्यांची खेळणी चित्रफितींतून जगभर गेली. चित्रा नाईक यांच्या पुढाकाराने भारतीय शिक्षण संस्थेने याच जिल्ह्याच्या ग्रामीण भागात गुरे राखणाऱ्या, घरकाम करणाऱ्या मुलांसाठी रात्रीचे अनौपचारिक वर्ग चालविले, जेथे मुलेच मुलांना शिकवीत. हे तिन्ही उपक्रम विजेशिवाय किंवा अत्यल्प विजेवर चालण्यासारखे होते आणि त्यांचा केंद्रबिंदू मुलाचा हात होता. गावचे धरण, त्याची मोरी, त्यावरची वीजनिर्मिती, भातखाचराचे पाणी ही ज्यांच्या दाराशी आहेत अशा मुलांना भाटघरच्या भिंतीपाशी उभे करून दाबाचा नियम शिकविणे हेही तंत्रज्ञानाचेच शिक्षण आहे. त्यासाठी खरेदीची दरखास्त लागत नाही.

राहिले ते वीजबिल आणि दुरुस्ती. बहुतेक परिषदांत हा विषय चहाच्या वेळी निघतो, कारण तो विषयपत्रिकेत बसत नाही. यंत्र देणारा देणगीदार समारंभात हार घेऊन परत जातो. त्यानंतरचे बिल शाळेने शाळा अनुदानातून भरावयाचे, आणि त्या अनुदानाची रक्कम पटाशी जोडलेली असल्यामुळे जितकी शाळा लहान तितका पैसा कमी. बिल थकले म्हणून मीटर काढून नेल्याच्या बातम्या राज्याच्या सर्व भागांतून येत असतात. सौरपट हा त्यावर चांगला तोडगा आहे, परंतु आषाढ-श्रावणात या डोंगरांवर आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, आणि चार वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च पुन्हा कोणाच्या तरी लोकवर्गणीवर येतो. पडदा, संच, टॅब यांची पावसाळी दमटपणाने जी गत होते ती शहरातील विक्रेत्याला ठाऊक नसते, आणि दुरुस्तीसाठी वस्तू पुण्यास न्यावयाची म्हणजे शिक्षकाची एक किरकोळ रजा खर्ची पडते.

येथे एक सूचना करण्याचा मोह आवरत नाही. प्रत्येक शाळेत जडवस्तू संग्रह नोंदवही असते. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू तीत लिहिली जाते, आणि निर्लेखनाची रीतसर मंजुरी मिळेपर्यंत ती वस्तू मोडली तरी कागदावर जिवंत राहते. त्यामुळे कपाटावर धूळ खात पडलेले प्रोजेक्टर आणि पडदा फुटलेले टॅब सरकारी हिशेबात आजही अध्यापन करीत आहेत. केंद्राच्या एका शिक्षण परिषदेत प्रपत्रांचा विषय बाजूला ठेवून प्रत्येक शाळेने ही नोंदवही घेऊन यावी आणि नुसती वाचून दाखवावी: कोणती वस्तू, कोणत्या साली, कोणाकडून आली, किती महिने चालली, कशाने थांबली, ती चालू असताना कोणत्या इयत्तेने ती वापरली आणि त्या वेळी शिक्षक कोणत्या इयत्तेपाशी होता. भोर आणि वेल्हे मिळून जितकी केंद्रे आहेत तितक्या परिषदांत हे वाचन झाले, आणि त्याचे टिपण गट साधन केंद्रात एका जागी ठेवले गेले, तर पुढच्या खेपेस देणगीदार दारी आला असता काय मागावे आणि कशास नम्रपणे नकार द्यावा, हे मुख्याध्यापकास सांगता येईल. केंद्रप्रमुखांनी हे काम चहाच्या आधी घ्यावे, एवढीच वेळेबाबतची विनंती.